चौदा नंबरांची तब्येत

त्यांच्याजवळ एक छत्री होती. तिला कापड नव्हतं आणि काड्याही नव्हत्या. होता तो नुसता दांडा, वर वळलेली मूठ आणि खाली लोखंडी टोक. तरीही ते तिला छत्रीच म्हणत आणि बाकीच्यांनीही छत्रीच म्हणावं अशी त्यांची अपेक्षा असे. नोकरीला लागलो त्या आठवड्यात मी एकदा बोलता बोलता "तुमची काठी" म्हणालो. त्यांनी मागे वळून पाहिलं, शेजारी पाहिलं आणि "कोणाची काठी?" असं इतक्या सरळपणे विचारलं की मीच माफी मागून मोकळा झालो.

भर पावसात ही छत्री काखेत मारून ते भिजत चालत. एकदा पाटाच्या पाण्याची दारं धरणाऱ्या एका गड्याला राहवलं नाही. तो म्हणाला, "सायेब, छत्री उघडा की!"

"पाऊस जमिनीला किती लागला ते बघायला छत्री आहे," ते म्हणाले. "मला लागू नये म्हणून नाही."

आणि त्यांनी तिथंच तिचं टोक मातीत दाबलं. दांड्यावर चाकूनं एकेका बोटाच्या खुणा केलेल्या होत्या. छत्री किती बोटं आत जाते त्यावरून ते जमिनीची तब्येत सांगत. तब्येत हा त्यांचाच शब्द. मोठे साहेब आणि बायामाणसं सोडली तर ते सगळ्यांना अरे-तुरे करत. जमिनीला मात्र कायम अहो-जाहो. "नऊ नंबर जरा थकलेत." "अकरा नंबरांना आज पाणी नको म्हणावं, कालचंच पचलेलं नाही." नवख्या माणसाला वाटे, वाडीवर बरीच म्हातारी मंडळी आजारी आहेत. मी स्वतः पहिल्या दिवशी बारा नंबर कुठल्या खोलीत राहतात अशी चौकशी केली होती.

हे सगळं दुसऱ्या महायुद्धाच्या, लढाईच्या दिवसांतलं. गोदावरीच्या कालव्याखाली, राहात्याच्या बाजारापासून बैलगाडीनं दीड तासावर एका साखर कारखान्याची उसाची वाडी होती. तिथं ते ओव्हरसियर होते आणि मी त्यांच्या हाताखाली हजेरी कारकून. मी नगरचा, मॅट्रिक झालेला, आणि ही दुसरी गोष्ट कोणी विचारली नाही तरी सांगणारा. तेही मूळचे नगरचेच, भिक्षुकी करणाऱ्या घरातले. भिक्षुकी त्यांना जमली नाही. पूजा सांगताना मध्येच यजमानाच्या अंगणातली माती उकरून बघत, म्हणून वडिलांनीच त्यांना शेतीच्या शाळेत घातलं, असं ते सांगत. खरंखोटं त्यांनाच ठाऊक.

त्या काळी तोड झाली की शेतात गुडघाभर पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, पडून राही. ते जाळायचं, हा नियम होता. नियम कोणी केला हे कोणी विचारत नसे. एक काडी लावली की घटकाभरात रान साफ, तुटल्या उसाच्या बुडख्यांतून खोडवा फुटायला मोकळा, साप-उंदरांचाही बंदोबस्त. फेब्रुवारीपासून वाडीवर रोज कुठलातरी प्लॉट पेटलेला असायचा आणि धोब्यानं धुतलेली धोतरं दोरीवरून उतरेपर्यंत पुन्हा धुवायला झालेली असायची.

छत्रीसाहेबांना, सगळी वाडी त्यांना ह्याच नावानं ओळखे, हे बघवत नसे. त्यांचं म्हणणं साधं होतं. "उसातलं आपण काय नेतो? रस. बाकीचं ज्याचं त्याला ठेवावं. कोणाच्या घरी जेवायला गेलो तर ताट उचलून आणतो का आपण? आणि आपण तर आणतसुद्धा नाही, तिथल्या तिथं चुलीत घालतो."

हे पटवण्यासाठी त्यांनी खानावळीत एक प्रयोग मांडला होता. काचेचे दोन पेले पाण्यानं भरायचे. एकात जाळलेल्या रानातलं ढेकूळ सोडायचं आणि दुसऱ्यात बांधाकडेच्या, पाचट कुजलेल्या रानातलं. पहिलं ढेकूळ बघता बघता विरघळून पाणी गढूळ करायचं. दुसरं तळाशी शांत बसून राहायचं. ते रोज, आमची पानं वाढेपर्यंत, घड्याळ हातात घेऊन हे बघत. एके दिवशी वजनकाट्यावरचे एक गृहस्थ उन्हातून आले आणि त्यांनी पहिला पेला उचलून घटाघटा पिऊन टाकला. खानावळवाल्या काकू ओरडल्या. गृहस्थांनी ओठ पुसले आणि म्हणाले, "ताक जरा पातळ झालंय." छत्रीसाहेबांना फार वाईट वाटलं. "अजून दोन मिनिटं थांबला असता तर पूर्ण विरघळलं असतं," ते म्हणाले.

त्यांचं दुपारचं जेवण मात्र खानावळीत नसे. भाकरी फडक्यात बांधून ते बांधावर जात, पाय धूत, मांडी घालून बसत आणि जेवणाआधीचा श्लोक म्हणत. तो इतक्या मोठ्यानं, की दोन प्लॉट पलीकडे चाललेली तोड थांबावी. मग पहिला घास मोडून समोरच्या रानात टाकत. मला त्या वेळी हे सगळं जरा गावंढळ वाटे. मी खानावळीत जेवत असे, श्लोक मनातल्या मनात म्हणत असे आणि बहुधा तोही नाही.

आता चौदा नंबर. हा प्लॉट कारखान्याला अगदी लागून होता आणि मेला होता. कालवा नवा आला तेव्हा ह्या रानात इतकं पाणी सोडलं गेलं की जमीन चोपण होऊन बसली. वाळली की दगड, भिजली की साबण. ह्यात कोणा एकाचा दोष नव्हता. जन्मभर आभाळाकडे बघून पेरलेल्या माणसाच्या हाती पाटाचं दार आलं, तर तो ते बंद कशाला करील? पण चौदा नंबरात आता कुसळसुद्धा उगवत नव्हतं. मोठ्या साहेबांनी, म्हणजे शेतीखात्याच्या सुपरिंटेंडेंटनी, ठरवलं होतं की त्यावर मुरूम टाकून गाडीतळ करायचा. उसाच्या बैलगाड्यांना उभं राहायला जागा नव्हतीच.

हे कळलं तसे छत्रीसाहेब ऑफिसात गेले. मी तिथंच हजेरी लिहीत होतो.

"चौदा नंबरांवर मुरूम टाकणार म्हणे," ते म्हणाले.

"ते मेलंय," साहेब म्हणाले.

"डॉक्टरांनी बघितलं का?"

मोठे साहेब रागीट नव्हते, फक्त घाईत असत. ते उठले आणि बघायला निघाले. बांधाशी आल्यावर छत्रीसाहेबांनी स्वतःच्या वहाणा काढल्या आणि साहेबांच्या पायांकडे बघत उभे राहिले. साहेबांचे बूट गुडघ्यापर्यंतचे होते. ते काढायला बराच वेळ लागला आणि एक मलाच ओढावा लागला. मग छत्रीसाहेबांनी जोर लावून छत्री रोवली. अर्धं बोट गेली आणि लोखंडी टोक वाकलं.

"बघितलंत?" साहेब म्हणाले.

"बघितलं. दुखणं जुनं आहे. मला तीन ऊस द्या. एक लागण, दोन खोडवे. तिसरा ऊस उभा राहिला नाही तर मुरूम मी स्वतः पसरवीन."

साहेब अनवाणी उभे होते आणि जमीन तापली होती. त्यांनी चटकन हो म्हटलं. ते लवकर बूट घालायला मिळावेत म्हणून म्हणाले, असं माझं आजही मत आहे.

छत्रीसाहेबांनी चौदा नंबरात चर खणून पाणी काढून दिलं, कारखान्याची मळी टाकली, ताग करून गाडला. पण त्यांना हवं होतं पाचट, भरपूर पाचट, आणि ते तर सगळीकडे जळून चुकलं होतं. उरलं होतं फक्त कोपींवर.

ऊसतोडीला पाथर्डीकडून टोळ्या येत. टोळी आली की पाचटाच्या कोपी उभ्या करी, चार-सहा महिने त्यांत राही आणि हंगाम संपला की जाताना पेटवून देई. ही त्यांची रीत होती. चुलीतला शेवटचा निखारा कोपीला लावायचा, गाड्या जुंपायच्या आणि मागं वळून न बघता निघायचं. रिकामी कोप मागं सोडली तर तिच्यात दुसरंच कोणी बिऱ्हाड करतं, आणि पुढच्या साली ते आपल्या मागं लागतं.

चौदा नंबराच्या पश्चिमेला ज्या टोळीच्या कोपी होत्या तिच्या मुकादमाला छत्रीसाहेबांनी हरतऱ्हेनं सांगून पाहिलं. मुकादम नुसता मान हलवी. शेवटी त्याची आई पुढं आली. सगळी टोळी तिला थोरली म्हणे. मुकादम टोळीचा असला तरी मुकादमावर मुकादमी तिची होती.

"सायेब," ती म्हणाली, "कोपीत आमी निम्मं साल ऱ्हातो. लेकरं हितंच जलमत्यात, हितंच जात्यात. तिला अशी मोकळी सोडून कसं जावं? वाटंला लावाय पायजे."

छत्रीसाहेबांनी विचार केला. "जाळायलाच पाहिजे का? की वाटेला लावली की झालं, बाई?"

"वाटंला लावली म्हंजी झालं."

"मग मी लावतो," ते म्हणाले.

आणि त्यांनी लावली. कोपी सोडवल्या, पाचटाचे भारे बांधले, बायांनी ते डोक्यावर घेतले आणि ओळीनं चौदा नंबरात आल्या. छत्रीसाहेब अनवाणी बांधावर उभे राहिले आणि हात जोडून, मोठ्यानं, एक श्लोक म्हणाले. मग भारे सोडून पाचट सऱ्यांतून अंथरलं, वर शेणकाला शिंपडला, नारळ फोडून खोबरं वाटलं. टोळी समाधानानं गाड्या जुंपून गेली. मागं वळून बघितलं नाही ते नाहीच.

मी त्यांना हळूच म्हणालो, "पण हा तर जेवणाआधीचा श्लोक."

"मला तोच एक नीट पाठ आहे," ते म्हणाले. "आणि आपण त्यांना जेवायलाच वाढतोय. दुसरा कुठला म्हणणार?"

पुढच्या वर्षी लागणीचा ऊस तुटला. फार मोठा नव्हता, पण होता. त्याचं पाचट तिथंच ठेवलं आणि कोपी पुन्हा वाटेला लावल्या. बातमी पसरली आणि आणखी दोन टोळ्या आपापल्या कोपी घेऊन आल्या. खोडवा फुटला. छत्री तीन बोटं जाऊ लागली. पावसाळ्यात चौदा नंबरात गांडुळं दिसली तेव्हा छत्रीसाहेबांनी राहात्याहून पेढे आणवले आणि खानावळीत वाटले. कोणाला काय झालं, असं काकूंनी विचारलं. "अजून मोजलं नाही," ते म्हणाले.

तिसऱ्या वर्षी लढाई संपली होती, पण हिवताप संपला नव्हता. कालव्याकाठी तो घरोघर होता. त्या हंगामात थोरलीच्या टोळीतलं एक लहान मूल तापानं गेलं. टोळी दोन दिवस तोडीवर आली नाही. माझ्या वहीत मी "दोन दिवस गैरहजर" असं लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेलो. मग मार्चमध्ये तापानं छत्रीसाहेबांनाच गाठलं. त्यांना गाडीत घालून नगरला इस्पितळात नेलं. जाताना ते थरथरत मला म्हणाले, "चौदा नंबरांकडे लक्ष ठेव. पाचटाला काडी लागू देऊ नकोस. एक खोडवा राहिलाय फक्त."

मी लक्ष ठेवलं. रोज सकाळ-संध्याकाळ चक्कर मारली, विडी ओढणाऱ्यांना हुसकावलं. चौदा नंबरात तुटलेल्या पहिल्या खोडव्याचं गुडघाभर पाचट वाळून पडलं होतं आणि मी त्याचा राखणदार, ह्याचा मला थोडा गर्वही झाला होता.

एका दुपारी थोरलीची टोळी निघाली. कोपी मोकळ्या केल्या होत्या, बैल जुंपायचे होते. मुकादम, त्याच्या मागं थोरली आणि तिच्या मागं सगळी टोळी माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"सायेब दवाखान्यात हायती," मुकादम म्हणाला. "तुमी म्हना मंतर. तुमी बी त्यांच्यातलंच."

आता खरं तर मी म्हणायला हवं होतं. तो श्लोक मला पाठ होता. चार ओळींचं काम. पण मी मॅट्रिक होतो. खोट्या मंत्राचा भटजी व्हायचं मला पटेना, आणि खरं सांगायची हौस त्या वयात दांडगी असते. मी म्हणालो, "अहो, मंत्रबिंत्र काही नाही तो. जेवायच्या आधी म्हणतात तो साधा श्लोक आहे. साहेबांनी तुमची समजूत काढली इतकंच. पाचट उचला आणि टाका रानात, झालं."

मुकादमानं आईकडे पाहिलं. थोरली माझ्याकडे पाहत होती. मग ती वळली आणि कोपींकडे चालू लागली.

मी आपलं काम झालं असं समजून ऑफिसात आलो. जरा वेळानं धुराचा वास आला तरी मी उठलो नाही. मार्चमध्ये धूर रोजचाच. उठलो तेव्हा कोपी पेटलेल्या होत्या, वारा पश्चिमेचा होता आणि चौदा नंबर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जळत होता. मी ओरडत धावलो. गडी कडुनिंबाचे डहाळे घेऊन आले. पण वाळलेलं पाचट ते, डहाळ्यांना कुठलं आवरतंय! टोळीच्या गाड्या दूर रस्त्यावर दिसत होत्या. मागं वळून बघायचं नाही ही त्यांची रीत, तेव्हा आपल्या निखाऱ्यानं काय केलं हे त्यांनी पाहिलंच नाही. संध्याकाळी रान काळं, सपाट आणि अगदी स्वच्छ झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब घोड्यावरून जाताना थांबले. "वा," ते मला म्हणाले, "शेवटी हेही साफ केलंत तर. बरं झालं." नोकरीत मला मिळालेली ही पहिली शाबासकी.

छत्रीसाहेब आठवड्यानं परत आले. अंगात नुसती हाडं उरली होती आणि डोळे पिवळे. मी रात्री झोपलो नव्हतो. काय बोलायचं ते दहा वेळा जुळवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. मी त्यांना बांधावर नेलं आणि घडलं तसं सांगितलं. त्यांनी वहाणा काढल्या, आत गेले, आणि चिमूटभर राख उचलून जिभेवर ठेवली. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांचा जन्मभर ऋणी राहिलो असतो.

"मंत्र नाही, जेवणाचा श्लोक आहे, असं सांगितलंस?"

"हो."

"ते खरंच आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "सांगताना हसलास का?"

"नाही," मी म्हणालो.

हसलो होतो. मोठ्यानं नाही, शिकलेला माणूस अडाण्याची चूक दाखवताना हसतो तेवढंच. पण हसलो होतो. त्यांनी दोन क्षण माझ्याकडे पाहिलं आणि "बरं" म्हणून ते चालू लागले.

संध्याकाळी मी त्यांच्या घराकडे गेलो. ते चौदा नंबराच्या कडेलाच कुडाच्या घरात राहत. कारखान्याची पत्र्याची खोली त्यांनी नाकारली होती, पत्रा जमिनीला खाता येत नाही म्हणून. पाहतो तो स्वारी छपरावर चढलेली, धोतर खोचलेलं, आणि छपराचं पाचट उपसून खाली टाकतेय. तापातून उठलेला माणूस! मी खालून ओरडलो, "अहो, हे काय? उन्हाळा तोंडावर आलाय!"

"म्हणून तर," ते वरून म्हणाले. "त्यांच्या अंगावर पांघरूण नाही. खोडव्याचे कोंब करपतील. वर ये, मला धाप लागते."

मी वर चढलो. त्यांचं छप्पर जेमतेम चार सऱ्यांना पुरलं. दुसऱ्या दिवशी मी माझ्या खोलीपुढचा पाचटाचा मांडव उतरवला. त्याच्या दोन सऱ्या झाल्या. काकूंनी बडबड करत गोठ्याचं छप्पर दिलं. मग दारं धरणारे गडी आले, चौकीदार आला, वजनकाट्यावरचे ते गृहस्थही आले. त्या उन्हाळ्यात आमच्या वाडीवर सावली म्हणून राहिली नाही. माणसं, बैल आणि कुत्री एकाच कडुनिंबाखाली बसत आणि छत्रीसाहेब उघड्या घरात, चार भिंतींच्या आत, डोक्यावर ओला पंचा ठेवून बसत. मोठ्या साहेबांनी चौकशी केली तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की छपरांना वाळवी लागली होती.

तिसरा ऊस उभा राहिला. कानाकोपऱ्यात विरळ होता, पण मध्ये माणूस दिसेनासा होत होता. हंगामात मोठे साहेब बघायला आले. बांधाशी थांबून त्यांनी न सांगता बूट काढायला घेतले. छत्रीसाहेबांनी छत्री त्यांच्याच हातात दिली. साहेबांनी ती जपून टेकवली, दाबली, आणि ती मुठीला लागेल की काय असं वाटावं इतकी सहज खाली गेली. निदान वीतभर तरी गेली. साहेबांनी ती उपसली, टोकाची माती बोटांत चोळली आणि बूट हातात घेऊनच परत निघाले. जाताना मला म्हणाले, "गाडीतळ कालव्यापलीकडे आखा."

त्या साली कोपी छत्रीसाहेबांनीच वाटेला लावल्या. मी राहात्याला काही काम काढलं होतं. थोरलीला तोंड दाखवायची माझी हिंमत नव्हती.

पावसाळ्यानंतर ताप पुन्हा आला. त्यांची बहीण नगरहून न्यायला आली. गाडीत बसताना त्यांनी छत्री माझ्या हातात दिली. "ऊन लागतं तुला," म्हणाले. मी त्या नुसत्या दांड्याकडे पाहिलं, पण ते गंभीर होते. चौदा नंबरांना आठवड्यातून एकदा तरी बघत जा, एवढं बोलले. ते परत आले नाहीत. दिवाळीनंतर बहिणीचं पत्र आलं. मी ते ऑफिसात वाचलं, हजेरीची वही मिटली आणि चौदा नंबरांना सांगून आलो. कोणी पाहिलं असतं तर हसलं असतं, पण सांगितल्याशिवाय मला राहवलं नाही.

त्या हंगामाच्या शेवटी थोरलीची टोळी निघाली तेव्हा मी स्वतःच कोपींकडे गेलो. भारे बांधून तयार होते. थोरली वाकली होती, पण सगळ्यांच्या पुढं तीच उभी होती.

"मी म्हणतो," मी म्हणालो. "पण तुम्हाला माहीत आहे, तो मंत्र नाही. तेव्हा मी—"

"जेवनाचा हाय त्यो," थोरली म्हणाली. "आमाला काय ठावं न्हाई व्हय? रोज दुपारी बांदावर बसून वरडायचं की सायेब. पयल्या साली म्हनले तवाच वळखला आमी."

"मग त्या साली कोपी का पेटवल्या?" मी विचारलं.

"त्या साली कोपीत माजी नात गेल्ती," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तिला वाटंला लावायची हुती. जेवू घालून. आन तुमी हसला."

दोन दिवस गैरहजर. माझ्याच अक्षरात.

"तुमचं रान जळलं ते आमाला फुडल्या साली कळलं," ती म्हणाली. "लई वंगाळ वाटलं. आमी सायबाच्या पाया पडलो. तवा त्यांनी इचारलं, म्हनून सांगितलं."

"मी हसलो ते?"

"व्हय."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. छत्री हातात देताना ठाऊक होतं. "काय म्हणाले?" मी विचारलं.

थोरलीनं जरा आठवून पाहिलं. "म्हनले, वरचा थर चोपान हाय. खाली माती असंल."

बायांनी भारे डोक्यावर घेतले. आम्ही ओळीनं चौदा नंबरांकडे निघालो. बांधाशी मी वहाणा काढल्या, छत्री बाजूला रोवली, हात जोडले आणि श्लोक म्हणायला सुरुवात केली. पहिली ओळ म्हटली. दुसरी काही केल्या सुचेना.

थोरलीनं पुढची ओळ सांगितली. तिला सगळा पाठ होता.